यूथ आलं का?

"यूथ आलं का, यूथ?"

टोमॅटोचा टेम्पो आला का, असं विचारावं त्या सुरात भांडीवाले काका मंडपवाल्याला विचारत होते. मी हॉलच्या शेवटच्या रांगेत खांबाच्या आड बसले होते.

"यूथ न्हाई आलं अजून, शेठ. खुर्च्या आल्यात. दीडशे."

"मग खुर्च्या मांड. यूथ येतंय मागून."

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत तरुण पिढीवर इतकं जिवापाड प्रेम करणारा, आणि ज्याला लांबून पाहताच तरुण पिढी इतक्या चपळाईनं गल्ली बदलते, असा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. भांडीवाले काका हे माझ्या बाबांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलं आणि नारायणगावच्या पेठेत भांड्यांचं दुकान थाटून बसलं. मराठी ते माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. त्यांच्या घरात मारवाडी आता फक्त रागावण्यापुरती उरली आहे. दुकान चालतं, मुलं पुण्यात मार्गी लागली, आणि काकांकडे आयुष्यात करण्यासारखं एकच काम राहिलं: क्लब. सेवाभावी क्लब. कोटाच्या कॉलरला लावायचा बिल्ला, टेबलावर ठेवायची पितळी घंटा आणि ती वाजवायला लाकडी हातोडी असलेला. सभेला चारच जण आले आणि ते एकाच टेबलाभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसले असले, तरी काका घंटा वाजवल्याशिवाय "नमस्कार" म्हणत नाहीत. क्लबचा अध्यक्ष दरवर्षी बदलावा असा नियम आहे. म्हणून एक वर्ष काका अध्यक्ष होतात आणि पुढच्या वर्षी माझ्या बाबांना अध्यक्ष करून त्यांचं काम स्वतः करतात.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या जुलैत क्लबच्या वरच्या कचेरीतून पत्र आलं. तुमच्या क्लबात अकरा सभासद, त्यातला सर्वांत लहान छप्पन्न वर्षांचा. पुढच्या जूनअखेर चाळिशीच्या आतले पाच सभासद झाले नाहीत, तर हा क्लब पुण्यातल्या एका मोठ्या क्लबात विलीन करण्यात येईल. काकांनी हे पत्र आमच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणजे पत्र बाबांच्या हातात दिलं आणि "वाच, मोठ्यानं वाच" असं तेच मोठ्यानं म्हणाले. 'विलीन' या शब्दाशी त्यांनी बाबांना थांबवलं.

"विलीन म्हणजे काय कळतं ना तुला? मढला डोळ्यांचं शिबिर घ्यायला पुण्याचा माणूस येणार आहे का? त्याला मढ कुठं आहे ते तरी माहीत आहे का?"

"न्हाई येणार," बाबा म्हणाले.

"मग यूथ आणायचं. पाच. फक्त पाच! तालुक्यात पोरं काय कमी आहेत?" आणि ते माझ्याकडे वळले.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, म्हणजे पुढचा घोटाळा कळेल. मी निमगाव सावाची. कांद्याच्या वावरांतून पिवळ्या बसनं इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेले आणि तिथून जी गप्प होऊन आले ती आलेच, असं आमच्याकडचे लोक म्हणतात. शाळेत मराठी बोलायची चोरी आणि घरी इंग्रजीची, त्यामुळे न बोलणं दोन्हीकडे सोयीचं पडलं. आता मी नारायणगावात एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. "पुढे बघा" आणि "आता बरं, की आधी बरं?" एवढ्या दोन वाक्यांवर माझा दिवस निघतो. फोनवर बोलणं मला जमत नाही. समोरच्या टपरीवर चहा सांगायचा असला तरी मी मेसेज पाठवते. काकांनी त्या दिवशी मला विचारलं, "बेटा, येणार ना क्लबात?" मी नेहमीप्रमाणे काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मी क्लबची 'यूथ को-ऑर्डिनेटर' असल्याचं जाहीर झालं, फोटोसह. फोटो माझा नव्हता. माझ्या चुलत बहिणीचा होता. पण काकांना सगळं यूथ सारखंच.

तर त्या हॉलमधल्या पहिल्या युवा मेळाव्याबद्दल. यूथ आलं, नाही असं नाही. सात जण आले. त्यांतली तिघं कॉलेजच्या कुठल्याशा तासाची हजेरी इथं मिळेल अशा गैरसमजानं आली होती. व्यासपीठावर मात्र तेवीस माणसं होती, कारण आमच्याकडे ज्याला निमंत्रण जातं तो पाहुणा आणि जो पाहुणा तो व्यासपीठावर. आणि व्यासपीठावर बसलेल्या माणसाचा सत्कार झाला नाही तर तो पुढच्या लग्नात तोंड फिरवतो. तेवीस शाली, तेवीस नारळ, तेवीस टोप्या. प्रत्येकाचा परिचय, आणि परिचय करून देणाऱ्याचाही परिचय. सत्कार झालेल्या माणसानं मग "माझ्यासारख्या सामान्य माणसाला" असं म्हणून दोन शब्द बोलायचे, ते दोनशे होतात. दुसऱ्या तासाला सातातले चार जण फोन कानाला लावून, कुणाचाही फोन आलेला नसताना, बाहेर गेले. कळस पुढेच होता. मंचरहून एका तरुण उद्योजकाला खास बोलावलं होतं. त्याच्यासाठी मोठा हार होता. काका हार घेऊन निघाले, दिमाखात त्याच्यासमोरून गेले आणि कोपऱ्यात वायर गुंडाळत असलेल्या स्पीकरवाल्याच्या गळ्यात तो घालून, "तरुणांनो, यांचा आदर्श घ्या!" असं म्हणाले. स्पीकरवाला भला माणूस. त्यानं हात जोडले, माइक हातात होताच, "हॅलो, हॅलो" केलं आणि सगळ्यांचे आभार मानले. टाळ्या पडल्या. उद्योजक चहा न घेता गेला. काकांचं 'तरुणांनो, जागे व्हा' हे भाषण सुरू झालं तेव्हा हॉलमध्ये तरुण म्हणून मी होते, आणि मला डुलकी लागली होती.

काकांचं म्हणणं असं की दोष सत्काराचा नव्हता, सत्कार कमी पडले. यूथचाही सत्कार करायला हवा होता.

म्हणून दुसरा मेळावा ठरला एप्रिलमध्ये. काकांनी कॅलेंडर बाबांकडून वाचून घेतलं. चतुर्थी नको, अमावस्या नको, बँकेला सुट्टी असेल तर फार चांगलं. सगळं पाहिलं, जत्रा पाहिली नाही, कारण जत्रा कॅलेंडरात छापलेली नसते, ती ज्याला-त्याला माहीत असते. त्या दिवशी शेजारच्या गावची जत्रा होती आणि घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढणीच्या मैदानात, बैलगाड्यांची शर्यत. आमच्या भागात त्या दिवशी वर्गात मास्तर नसतात, दुकानात मालक नसतात आणि नवरदेव मांडवात असेल तर तोही घड्याळ बघत असतो. हॉलमध्ये दीडशे खुर्च्या, पंचवीस सत्कारांचं सामान आणि अकरा सभासद. त्यांतलेही बाबांसकट पाच जण अर्ध्या तासानं "जरा बघून येतो" म्हणून घाटाकडे गेले.

यातून शहाणपण घ्यावं, तर काकांनी भलतंच घेतलं. "यूथ आपल्याकडे येत नाही ना? आपण यूथकडे जाऊ!" पुढच्या जत्रेला आम्ही घाटात. वरच्या अंगाला टेबल, टेबलावर सभासदत्वाचे फॉर्म, फॉर्म उडू नयेत म्हणून वर पितळी घंटा. खाली धूळ, हलगी, भंडारा, लाउडस्पीकरवर गाड्यांची नावं पुकारणारा निवेदक, आणि सगळ्या तालुक्यातलं यूथ कडेला दाटीनं उभं. काकांच्या समोरून हजार पोरं गेली असतील. ज्याला म्हणून हात धरून थांबवलं तो म्हणाला, "काका, आमची बारी झाली की येतो." बारी झाली; बैलांच्या मागे पोरं गेली, पोरांच्या मागे धूळ गेली. शेवटी जीन्स घातलेला, टोपी उलटी केलेला एक जण काळा चष्मा सावरत टेबलाशी आला आणि त्यानं चक्क फॉर्म मागितला. काकांना भरून आलं.

"वा रे वाघा! असं यूथ पाहिजे! वय लिही, बेटा."

"बासष्ट," तो म्हणाला. निवृत्त मास्तर होते ते. भाचा गाडामालक होता म्हणून या वेषात आले होते.

बाबा हसून हसून टेबलाखाली गेले. काका मात्र जरासुद्धा वरमले नाहीत. "मनानं यूथच की!" म्हणाले आणि फॉर्म घडी करून खिशात ठेवला. तो फॉर्म वरच्या कचेरीनं परत पाठवला.

मग रील. कुणीतरी त्यांना सांगितलं की यूथ आता फोनमध्ये राहतं. काका सकाळी कोट-बिल्ल्यासह आमच्या दुकानात हजर. "बेटा, रील काढ." मी त्यांना दुकानाच्या गच्चीवर नेलं. त्यांनी घसा साफ केला, छाती पुढे काढली आणि तळमळून बोलायला सुरुवात केली. "तरुण मित्रांनो, मी तुमच्या डोळ्यांत डोळे घालून सांगतो..." डोळे त्यांनी गच्चीवरच्या काळ्या पाण्याच्या टाकीत घातले होते. मी होते डावीकडे. मी एक पाऊल उजवीकडे सरकले, तर ते आणखी पलीकडे वळले. अकरा मिनिटं त्यांनी टाकीला सेवेचं महत्त्व सांगितलं. मी "काका, इकडे" असं म्हणू शकले असते. म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. ते रील मी मैत्रिणींना पाठवलं आणि आम्ही आठवडाभर त्यावर जगलो.

काकांच्या दुकानातही यूथ टिकत नाही. त्या मानानं क्लबचं बरं म्हणायचं. निदान क्लबात भांडी पुसावी लागत नाहीत. दुकानाचा नियम असा: आठ वाजता यायचं, आधी अगरबत्ती, मग मांडणीवरचं एकूण एक भांडं फडक्यानं पुसायचं, मोबाइल गल्ल्याशेजारच्या डब्यात. "ही नोकरी नाही, सेवा आहे," हे पहिल्याच दिवशी सांगायचं. ज्यांना नोकरी हवी असते ते त्याच दिवशी जेवायला म्हणून जातात. जे सेवेला तयार असतात ते पंधरा दिवस राहतात. शेवटचा गेला त्यानं राजीनामा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक अंगठा पाठवला होता. काकांना वाटलं पगारवाढ आवडली.

आणि काहीही असो, क्लबची सभा दिवस मावळायच्या आत संपली पाहिजे. कारण बिबट्या. आमच्याकडे बिबट्या आहे हे खरं, उसात आहे आणि कधी कधी पेठेच्या कडेलाही आहे. पण बाकीची माणसं त्याच्यासकट लग्नाच्या वराती काढतात. काका मात्र सूर्य कलला की कितीही महत्त्वाचा ठराव चालू असो, हातोडी आपटून "बिबट्या!" म्हणतात आणि स्कूटर बाबांना चालवायला लावून घरी जातात. नोकरी करणारी पोरं सहानंतर मोकळी होतात, हे मी एकदा चिठ्ठीवर लिहून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली, "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणाले आणि खिशात टाकली. पुढची सभा चारला.

जून लागला. सभासद तेवढेच. बाबा म्हणाले, "आता तू तरी सही कर. एक तर व्हईल." माझ्या नावाचा फॉर्म काकांनी केव्हाच भरून ठेवला होता. मी सही केली नाही. टाकीपुढे भाषण करणाऱ्या माणसाच्या क्लबात माझं नाव लागावं असं मला वाटत नव्हतं, आणि नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. त्यामुळे फॉर्म तसाच राहिला.

त्याच आठवड्यात मढला शिबिर होतं. डोळे तपासणारा नेहमीचा माणूस आला नाही. बाबांनी मला गाडीत घातलं. वाटेत काकांनी शिबिराचं उद्‌घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार वगैरे करायचं ठरवलं असेल म्हणून मी हेडफोन घेऊन बसले होते. पण मढच्या शाळेत काही नव्हतं. बॅनर नाही, हार नाही. वर्गाच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, एक खुर्ची, बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेली चाळीसेक म्हातारी माणसं आणि काकांची चहाची किटली. काकांनी भाषण केलं नाही. मी त्यांना प्रथमच तीन तास भाषणाशिवाय पाहत होते. एकेका म्हाताऱ्याचा दंड धरून ते खुर्चीपर्यंत आणत, नाव सांगत, "हिचा डावा आपण मागं केलाय, आता उजवा बघ" असं सांगत. नावं आठवत होती त्यांना. डोळेसुद्धा.

दुपारी नोंद करायला मी टेबलावरची वही ओढली. जाड पुठ्ठ्याची लाल वही, मधोमध दोऱ्यानं शिवलेली. नाव, गाव, फोन, डावा की उजवा, हे रकाने ठीक. शेवटच्या रकान्यावर काकांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'काय दिसलं?'

मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "आगं त्ये व्हय. आपरेशन होऊन माणूस घरी गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ फोन लावतो. इचारतो, काय दिसलं. लिवून ठेवतो. लई वर्सं झाली. आमी म्हणतो, कशाला? ऐकतोय का!"

मी पहिल्या पानापासून वाचायला लागले. 'भिंतीवरलं घड्याळ बंद आहे. घरात कुणी सांगितलं नाही.' 'सून गोरी आहे.' 'भाकरी करपते ते आता कळलं.' 'डोंगर जवळ आलाय.' एका बाईंचं: 'आरशात आई दिसली.' एका बाबांचं: 'विशेष काही नाही. फोन करू नये.' तेही काकांनी जसंच्या तसं लिहिलं होतं. पानंच्या पानं. शिनोली, मढ, वरच्या अंगाच्या वाड्या. या माणसानं हे कुठल्याही मेळाव्यात सांगितलं नव्हतं. तेवीस सत्कार केले. यातली एक ओळ वाचून दाखवली नाही. यूथला अशा गोष्टीत काय रस असणार, असं त्यांना वाटलं असावं.

वाचता वाचता मला दुसरंच काहीतरी दिसलं. पहिल्या पानांवर अक्षर मुंगीएवढं होतं, पानाला पंचवीस ओळी. मधल्या पानांवर पंधरा. मग आठ. शेवटच्या पानांवर तीनच नावं, दुकानाच्या पाटीसारखी, ओळी एकमेकींवर चढलेल्या. मी मान वर केली. काका दाराशी खुंटीला अडकवलेल्या रेनकोटला "या, बसा, चहा घ्या" म्हणत होते.

रकान्यात काय लिहायचं ते विसरून मी उठले, त्यांचा दंड धरला आणि त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांचा एक डोळा झाकला. "पुढे बघा," मी म्हणाले.

"अरे, मला कशाला?" असं म्हणत त्यांनी हसत हसत सगळा तक्ता वाचला. वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या बारीक ओळीपर्यंत, पाढे म्हणावेत तसा, एकही चूक नाही. फक्त समोर तो तक्ता नव्हता. निरक्षर माणसांसाठी सकाळीच मी तो उलटा करून मागची खुणांची बाजू लावली होती. इतकी वर्षं शिबिरात उभं राहून त्यांना अक्षरांचा तक्ता पाठ झाला होता.

बाबा आधी हसले. मग थांबले.

"शेठ... कवापासनं?"

"हळू बोल," काका म्हणाले. "बाहेर लोक बसलेत. दिसतं रे. जरा ढगाळ दिसतं, एवढंच."

"आरं, लोकांचं करतोय अन् सोताचं?"

"मिठाईवाल्याला साखर झाली तर तो गावभर सांगत फिरतो का? अध्यक्षालाच मोतीबिंदू म्हटल्यावर शिबिराला कोण येईल? होऊ दे पाच यूथ, मग करतो. मी पडलो की हे फोन कोण करणार?"

"दवाखाना करतोय की चौकशी."

"दवाखाना विचारतो, दुखतंय का," काका म्हणाले. "काय दिसलं ते कोण विचारतं?"

परतीच्या रस्त्यावर मी हेडफोन लावले नाहीत. स्पीकरवाला, बासष्ट वर्षांचा वाघ, पाण्याची टाकी, मावळतीचा बिबट्या, लांब धरलेली चिठ्ठी. मी सगळं पाहिलं होतं, लक्षात ठेवलं होतं, मैत्रिणींना पाठवलं होतं. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकानं यातली एकच गोष्ट सांगितली असती तर मी लगेच उठून बॅटरी घेतली असती आणि त्याचे डोळे पाहिले असते. यामुळे काकांचं बाकीचं सगळं माफ झालं असं नाही. दोन तासांच्या सत्काराला मोतीबिंदू कारण नव्हता. 'ही नोकरी नाही, सेवा आहे' हेही त्यांना चांगलं दिसत असतानाचंच. पण मढहून नारायणगावपर्यंतचा रस्ता मला लांब वाटला.

काका ऑपरेशनला तयार होणार नव्हतेच. बाबांनी त्यांना फसवून नेलं. मढच्या पंधरा जणांना ऑपरेशनला नेणारी बस जूनच्या शेवटच्या आठवड्यात निघाली, तेव्हा तिला हिरवा झेंडा दाखवायला काका बिल्ला लावून आले. "झेंडा आतून दाखवायचा असतो आता," असं म्हणून बाबांनी त्यांना बसमध्ये चढवलं आणि दार लावून घेतलं. काका शेवटपर्यंत खिडकीतून झेंडा हलवत होते, असं ड्रायव्हर सांगतो.

पंधरा जण दोन दिवसांनी घरी आले. काकांना डॉक्टरांनी ठेवून घेतलं. मोतीबिंदू फार पिकला होता, तिसऱ्या पट्टीनंतर बघू, म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं तर बाबा आले आणि त्यांनी काउंटरवर लाल वही ठेवली.

"शेठनं दिलीय."

मी काउंटरवरच्या फ्रेमा बाजूला सारून वही जवळ ओढली.

"काय कर म्हणला न्हाई. नुसतं म्हणला, पोरीच्या दुकानात ठेव." बाबा जायला वळले, मग दारात थांबले. "क्लबाचं काय आता. परवा जून संपला. एकटीनं सही केली तरी पाच कुठनं व्हत्यात? त्याचं मनाला लावून घेऊ नको."

वहीत शेवटच्या पानाशी माझा फॉर्म होता. माझं नाव काकांनी तीन ओळींवर पसरून लिहिलं होतं, गाव समासाच्या बाहेर गेलं होतं. शेजारी मी शिबिरात लिहिलेली पंधरा नावं, पंधरा फोन नंबर, आणि पुढे 'काय दिसलं?' खाली कोरा रकाना. एकानं पाच होत नाहीत, हे मलाही कळत होतं. दुकानात कुणी नव्हतं. पहिलं नाव मढच्या एका आजींचं होतं, उजवा डोळा. मी सवयीनं मेसेज लिहायला घेतला. 'नमस्कार, आपली तब्येत कशी आहे?' मग आठवलं, या आजींना मी शिबिरात खुणांचा तक्ता दाखवला होता.

मी नंबर लावला. एकच रिंग झाली.

"हालव! शेठ का?"

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"शेठ न्हाई? मंग कोन हाय? शेजारीण म्हनली, शेठ फोन करतोय, समदं इचारतोय. म्या पहाटंपासनं फोन मांडीवर घिऊन बसलीय. म्हनलं इसरायला नगं. हालव? कोन हाय रं? बोलत का न्हाईस?"

मी फोन घट्ट धरला होता. फोन ठेवला असता तरी कुणाला कळलं नसतं. आजींनी लागलाच नाही असं समजून तो मांडीवर ठेवला असता आणि वाट बघितली असती.

"हालव? हालव?"

मी वही सरळ केली आणि पेनाचं टोपण काढलं.

"आजी, मी क्लबातून बोलतेय," मी म्हणाले. "सावकाश सांगा. काय काय दिसलं?"